खालची पट्टी कुठं गेली?

विरारच्या मनवेलपाड्यासारख्या वस्तीत झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याची जी छोटी दुकानं असतात, तिथलं मशीन कुणी हौसेनं बदलत नाही. ते बंद पडलं तर बदलतं, नाहीतर बाहेरून कुणी भाग पाडलं तर. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ बऱ्याच जुन्या प्रोसेसरांवर चढत नाही. असेंबल करून घेतलेलं चार जीबी रॅमचं मशीन मात्र अजून धडधाकट असतं. अशा वेळी हार्डवेअरवाला लिनक्स सुचवतो आणि तासाभरात टाकूनही देतो. खरी गंमत पुढं वर्षा-दोन वर्षांनी होते. पडद्यावर नव्या आवृत्तीची चौकट येते आणि कुणीतरी ‘हो’ दाबतं.

दुसऱ्या दिवशीच्या तक्रारी ठरलेल्या. खालची पट्टी गेली. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली दिसत नाहीत. खिडकी लहान करायचं बटण सापडत नाही. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे मराठी होत नाही. हार्डवेअरवाला येऊन बघतो, तर बिघडलेलं काहीच नसतं. फाइली त्यांच्या फोल्डरात जागच्या जागी असतात, फक्त त्या पडद्यावर मांडून दाखवायचं काम आता कुणी करत नसतं.

विरारला रोज ठरावीक डब्यासमोर उभा राहणारा माणूस फलाटावरची पाटी वाचत नाही, पायच त्याला तिथं नेतात. गाडी अचानक दुसऱ्या फलाटावर लागली आणि तो धावला, म्हणून कुणी त्याला अडाणी म्हणत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र असं धावणाऱ्याला ‘नवीन शिकायला नको’ असं ऐकावं लागतं. जुनी वागणूक परत मागणं हा हट्ट आहे की रास्त मागणी, यावर लिनक्सच्या दुनियेत वीस वर्षं वाद चालू आहे. त्याचं उत्तर बरंचसं यावर ठरतं, की अपग्रेडमध्ये नेमकं काय हरवलं.

हरवण्याचा पहिला प्रकार सर्वांत साधा, आणि सर्वांत फसवा. लिनक्सवरच्या अनेक डेस्कटॉपांपैकी ग्नोम आपली सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या कोठारात ठेवतो. पण या कोठारात नोंद होते ती वापरणाऱ्यानं स्वतः बदललेल्या गोष्टींचीच. ज्याला कधी हात लावला नाही, ते मूळ ठरावीक मूल्यावर चालतं आणि ते मूल्य प्रत्येक आवृत्तीचे निर्माते ठरवतात. म्हणजे जे पहिल्या दिवसापासून मनासारखं होतं, म्हणून कधी निवडावंच लागलं नाही, नेमकं तेच अपग्रेडमध्ये जातं. हौसेनं उलटंसुलटं केलेलं बहुधा टिकतं.

याचं गाजलेलं उदाहरण एप्रिल २०१०चं. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सची १०.०४ ही आवृत्ती आली आणि खिडकी बंद करायची, लहान-मोठी करायची बटणं उजवीकडून डावीकडं गेली. वापरकर्त्यांनी गदारोळ केला. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी असे निर्णय मतदानानं होत नसतात, असं स्वच्छ सांगितलं. इलाज होता एका ओळीचा, सेटिंगमध्ये बटणांचा क्रम पुन्हा लिहायचा. ज्यांनी तो लिहिला त्यांचं भांडण तिथंच मिटलं, बाकीच्यांनी हात वळवून घेतला. ऑक्टोबर २०१७मध्ये १७.१०बरोबर बटणं पुन्हा उजवीकडं आली, तेव्हा डावीकडं सरावलेल्यांनी तक्रार केली! अलीकडचं उदाहरण केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचं. तिथं फाइल एका क्लिकला उघडायची. २८ फेब्रुवारी २०२४ला त्याची प्लाझ्मा ६ ही आवृत्ती आली आणि दोन क्लिक हे ठरावीक झालं. ‘एक क्लिक’ हा पर्याय आजही शाबूत आहे, पण त्यासाठी आता सेटिंग्ज उघडावी लागतात.

दुसऱ्या प्रकारात नोंद असते, पण कोठारच बदलतं. ग्नोम २ची सेटिंग्ज जीकॉन्फमध्ये राहत. ६ एप्रिल २०११ला ग्नोम ३ आलं ते डीकॉन्फ घेऊन, आणि जुन्या पट्टीवर वर्षानुवर्षं रचलेली मांडणी नव्या घरात आलीच नाही. ज्या पट्टीची ती मांडणी होती, ती पट्टीच उरली नव्हती.

तिसऱ्या प्रकारात वागणूक कोडमधूनच काढलेली असते. मार्च २०१८च्या ग्नोम ३.२८मध्ये डेस्कटॉपवर आयकॉन दाखवणं बंद झालं. निर्मात्यांची बाजू अशी की ते कोड फार जुनं होतं, सांभाळायला माणूस नव्हता आणि फाइल मॅनेजरच्या पुढच्या वाटचालीत ते आडवं येत होतं. बाजू खरी आहे. पण ज्याचा सगळा कारभार डेस्कटॉपवर ‘आजचे’, ‘झालेले’, ‘पैसे बाकी’ अशा फोल्डरांत चालतो, त्याला यातून काय मिळालं? उबुंटूनं यावर चतुराई केली. १८.०४मध्ये बाकी ग्नोम नवं घेतलं, फाइल मॅनेजर मात्र जुना ३.२६च ठेवला. पुढच्या आवृत्त्यांत आयकॉन दाखवायला वेगळं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून लावायचा छोटा प्रोग्राम, जोडलं.

२०११चं वर्ष या आढाव्यात टाळता येत नाही, कारण एकाच एप्रिल महिन्यात दोन घरं हलली. महिन्याच्या सुरुवातीला ग्नोम ३ आलं, त्यात खिडकी लहान करायचं बटणच ठेवलं नव्हतं. २८ एप्रिलला उबुंटू ११.०४ आलं, डावीकडं उभी पट्टी असलेलं युनिटी घेऊन. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याच वर्षी ग्नोम ३वर जाहीर तोंडसुख घेऊन एक्सएफसीई या साध्या डेस्कटॉपकडं गेला. केडीई ४.० जानेवारी २००८मध्ये अर्धकच्चं आल्यावर त्यानं केडीईही असंच सोडलं होतं. पुढं काही एक्स्टेन्शनं लावून तो ग्नोमवर परतला, म्हणजे तोही आपल्या सवयींना टेकू लावूनच राहिला. पेर्बेरोस या टोपणनावानं वावरणाऱ्या अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं ग्नोम २चं कोड उचलून माटे सुरू केलं. नाव तिकडच्या आवडत्या पेयावरून. लिनक्स मिंटच्या क्लेमां लफेव्र यानं आधी ग्नोम ३वर एक्स्टेन्शनांची ठिगळं लावून पाहिली, ती पुरेनात म्हणून सिनॅमन हे वेगळं डेस्कटॉप काढलं. २०१२मध्ये ग्नोमच्या फाइल मॅनेजरमधून एफ३ दाबून दोन कप्पे करायची सोय गेली, तेव्हा मिंटनं त्याचाही फाटा काढून नेमो बनवला. विंडोज ८नं स्टार्ट बटण काढलं तेव्हा ते परत यायला वर्षभर आणि पूर्ण मेनू यायला २०१५ उजाडलं, आणि तेही मायक्रोसॉफ्टच्या मनात आलं म्हणून. लिनक्समध्ये रुसलेल्यांना निदान वेगळी चूल मांडता आली.

या भांडणातला सर्वांत बोलका पुरावा मात्र रुसलेल्यांनी दिलेला नाही. ग्नोमवर सर्वाधिक काम करणाऱ्या रेड हॅट कंपनीनंच जून २०१४मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ आणलं, तेव्हा त्यात ठरावीक डेस्कटॉप म्हणून ‘ग्नोम क्लासिक’ ठेवलं: वर मेनू, खाली पट्टी, जुन्या धर्तीचं. पगारी कामाच्या टेबलावर सवय मोडली तर पैसे बुडतात, हे गिऱ्हाईकांनी कंपनीला बरोबर ऐकवलं असणार.

मराठी टाइप करणाऱ्यासाठी या प्रश्नाचं टोक आणखी बोचरं आहे. पट्टी वर की खाली हा आवडीचा मामला म्हणता येईल. पण भाडेकराराचा मजकूर मराठीत, पॅन क्रमांक आणि ईमेल इंग्रजीत, असं ओळीओळीला भाषा बदलणाऱ्याचा सगळा वेग एका शॉर्टकटवर टांगलेला असतो. हे काम आयबस नावाचा प्रोग्राम करतो, आणि त्याची जुनी कळ होती कंट्रोल-स्पेस. २०१२च्या ग्नोम ३.६पासून आयबस ग्नोमच्या पोटात गेला. ऑक्टोबर २०१३च्या उबुंटू १३.१०पासून भाषा बदलायला सुपर-स्पेस दाबावं लागू लागलं. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ. जुना हात कंट्रोल-स्पेस दाबतो, भाषा बदलत नाही, आणि लिबरऑफिस कॅल्कमध्ये असलात तर त्याऐवजी आख्खा स्तंभ निवडला जातो. त्यावर पुढचं अक्षर उमटलं की काय होतं, ते हिशेबाच्या तक्त्यावर काम करणाऱ्याला सांगायला नको.

याला जोडून आणखी एक सेटिंग असतं, ज्याकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही. प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवायची, की सगळ्यांना एकच? एका खिडकीत मराठी मसुदा आणि दुसरीत ब्राउझर उघडा ठेवणाऱ्याला पहिला पर्याय हवा असतो. तो बंद झाला की पासवर्डच्या चौकटीत मराठी अक्षरं पडतात, आणि त्या चौकटीत नुसते ठिपकेच दिसत असल्यानं ते कळतही नाही.

अक्षरांचंही तसंच. पुण्यातल्या रेड हॅटच्या चमूनं वर्षानुवर्षं सांभाळलेले लोहित फॉन्ट मराठी लिनक्सच्या पडद्याचा ओळखीचा चेहरा होते. मे २०२२मध्ये आलेल्या फेडोरा या लिनक्सच्या ३६व्या आवृत्तीत अनेक भाषांसाठी नोटो हे ठरावीक फॉन्ट झाले. आजच्या देवनागरी फॉन्टांमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, पण मजकूर मराठी आहे हे सिस्टीमला कळलं तरच ते पुढं येतात. नाहीतर हिंदी वळण दिसतं, आणि वाचणाऱ्याला काय खटकतंय ते पटकन सांगता येत नाही. सिस्टीमची भाषा मराठी करणाऱ्यासाठी आणखी एक सापळा आहे. पुढच्या लॉगिनला ग्नोम विचारतं, फोल्डरांची नावंही मराठीत करू का? हौसेनं ‘हो’ म्हटलं की जुन्या इंग्रजी नावांवर अवलंबून असलेले शॉर्टकट वाट चुकतात.

मनवेलपाड्यात टाइप झालेलं प्रतिज्ञापत्र वसईच्या न्यायालयात पोचतं, तेव्हा टेबलापलीकडंही लिनक्सशीच गाठ असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीनं ई-कोर्ट प्रकल्पात जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू निवडलं. खटल्यांच्या नोंदीची सीआयएस प्रणाली एनआयसी या सरकारी संस्थेच्या पुणे केंद्रानं घडवली. देशभरातल्या १४ हजारांहून अधिक न्यायिक अधिकाऱ्यांना उबुंटू वापरण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. डेस्कटॉपच्या सवयीला सरकारी खर्चानं वळण लावण्याचं हे मोठं उदाहरण. आणि म्हणूनच एक साधा प्रश्न उभा राहतो. १६.०४मध्ये युनिटी होतं, १८.०४मध्ये ग्नोम आलं. दोन्ही आवृत्त्या दीर्घ आधाराच्या, दोन्ही ‘उबुंटू’च. हा टप्पा घेणाऱ्या कुठल्याही कार्यालयात प्रशिक्षणाची टिपणं एका दिवसात जुनी होतात. मग खर्चाच्या हिशेबात ते कुणी धरतं का?

टिपणं कशी जुनी होतात ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात थेट बघता येतं. पवईत तयार झालेले हे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत. त्यातला एक उबुंटू १०.१०चा डेस्कटॉप शिकवतो, वरच्या पट्टीतल्या मेनूंसकट. दुसरा १४.०४वर डेस्कटॉप मनासारखा कसा करायचा ते दाखवतो, आणि त्यात सगळी भिस्त डावीकडच्या उभ्या लाँचरवर. मधे फक्त साडेतीन वर्षं गेली आहेत. पहिला व्हिडिओ पाहून शिकलेल्याला दुसऱ्या पडद्यावर ओळखीची एकही खूण सापडत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला खैरातचा अनुभव. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाड्यावरच्या शाळेत २००७मध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांत शुगर नावाचा डेस्कटॉप होता, ज्यात फोल्डरांऐवजी दैनंदिनी होती आणि प्रत्येक काम पडदाभर उघडे. शहरी पाहुण्यांना ते विचित्र वाटावं असंच होतं. मुलांपाशी मोडायला जुनी सवयच नव्हती.

तर, हरवलेलं परत आणायचं कसं? सगळे इलाज चालतात, फरक आहे तो त्यांच्या आयुष्यात.

सेटिंगमधला इलाज सर्वांत दीर्घायुषी. मूळ ग्नोममध्ये ऑल्ट-टॅब दाबलं की खिडक्या बदलत नाहीत, प्रोग्राम बदलतात. जुना करारनामा आणि नवा मसुदा दोन्ही लिबरऑफिस रायटरमध्ये उघडे असले, तर दोन्ही एकाच चिन्हाखाली जातात आणि टायपिस्ट वैतागतो. कीबोर्डच्या शॉर्टकटांत ‘खिडक्या बदला’ या कामाला ऑल्ट-टॅब दिलं की प्रश्न मिटतो. भाषेची कळही तिथंच बदलते. इथं वर सांगितलेला कावा उलटवता येतो. जे आधीपासून मनासारखं आहे तेही जीसेटिंग्जच्या आज्ञेनं एकदा स्पष्ट लिहून ठेवायचं. मूल्य तेच असलं तरी नोंद कोठारात जाते, आणि पुढच्या आवृत्तीनं ठरावीक मूल्य बदललं तरी ही नोंद वरचढ ठरते. सगळं डीकॉन्फ एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवायला मिनिटही लागत नाही. अपग्रेडच्या आदल्या रात्री हे करणारे थोडे, दुसऱ्या दिवशी आठवणारे पुष्कळ.

एक्स्टेन्शन ही भाड्याची जागा. डॅश टू पॅनलनं खालची पट्टी येते, आर्कमेनूनं स्टार्टसारखा मेनू येतो, दिसायला सगळं झकास. पण प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये ते ग्नोमच्या कोणत्या आवृत्त्यांवर चालतं याची यादी असते, आणि नवी आवृत्ती आली की करार नव्यानं करावा लागतो. सप्टेंबर २०२३च्या ग्नोम ४५नं एक्स्टेन्शनांची आतली जोडणीच बदलली. लेखकानं पुन्हा हात फिरवल्याशिवाय जुनं एकही चालेना. गाजलेली एक्स्टेन्शनं सावरली. ज्यांचे लेखक नोकरी-संसारात अडकले, ती गेली. नव्या आवृत्तीवर आपली कोणती चालतील हे एक्स्टेन्शन मॅनेजर हा प्रोग्राम अपग्रेडआधीच तपासून सांगतो, आणि त्याचा हा गुण फारसा कुणाला माहीत नाही.

दुकानदारासाठी मात्र डेस्कटॉपच बदलणं जास्त शहाणपणाचं. माटे, एक्सएफसीई किंवा सिनॅमन हे जुन्या मांडणीचेच आहेत, त्यांना तसं वागायला लावावं लागत नाही. उबुंटूवर ते शेजारीशेजारी बसवता येतात, आणि लॉगिनच्या पडद्यावर गिअरच्या चिन्हावर दाबून आज कुठं शिरायचं ते ठरवता येतं. ग्नोमला सात एक्स्टेन्शनं लावून विंडोज ७सारखं करणारा माणूस हौशी असतो, त्याला त्यात आनंद आहे. ज्याला सकाळी दहाला गिऱ्हाईक येतं, त्यानं त्या वाटेला जाऊ नये.

निदानाची एक जुनी युक्ती हार्डवेअरवाल्यांना ठाऊक असते. नवं यूजर खातं उघडून बघायचं. तिथं सगळं नीट चाललं तर दोष जुन्या खात्यातल्या साठलेल्या सेटिंग्जचा. तिथंही तसंच असेल तर बदल नव्या आवृत्तीचाच. मागं फिरणं मात्र सोपं नाही. उबुंटूमध्ये अपग्रेडनंतर आधीच्या आवृत्तीवर उतरायची अधिकृत सोय नाही. मिंटबरोबर येणारं टाइमशिफ्ट सिस्टीमची जुनी अवस्था परत आणतं, पण ठरावीक मांडणीत ते होम फोल्डरला हात लावत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांचे करारनामे त्यात नसतात. अपग्रेड चालू असताना वीज गेली तर अर्धवट पॅकेजांचा गुंता निराळा. यूपीएस नसलेल्या मशीनवर संध्याकाळी अपग्रेड लावणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यावी तेवढी थोडी. त्यापेक्षा नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवून आपल्या चार नेहमीच्या गोष्टी तिथं तपासाव्यात. भाषेची कळ, ऑल्ट-टॅब, प्रिंटर, डेस्कटॉपवरच्या फाइली. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही.

येऊ घातलेला बदल या सगळ्यांपेक्षा खोल आहे. पडद्यावर चित्र काढणारी एक्स ११ ही यंत्रणा १९८७ची. तिच्यात कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या कळा ऐकू शके, दुसऱ्याच्या खिडक्या हलवू शके. सुरक्षेच्या दृष्टीनं हे भोक होतं, पण सवयी जपणाऱ्यांची निम्मी हत्यारं याच भोकातून चालायची. एक्समॉडमॅपनं कळा बदलणं, एक्सडूटूलनं एका दाबात ठरलेला मजकूर टाकणं, डब्ल्यूएमसीटीआरएलनं खिडक्या जागच्या जागी बसवणं. तिची जागा घेण्यासाठी २००८मध्ये सुरू झालेल्या वेलँडनं हे दार मुद्दाम बंद केलं. मे २०२५च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १०मधून एक्सचा सर्व्हर काढला गेला. ऑक्टोबर २०२५च्या उबुंटू २५.१०मध्ये ग्नोमचं एक्सवरचं सत्र उरलं नाही. कळांची ही जुनी हत्यारं तिथं सेटिंग बदलूनही परत येणार नाहीत.

उबुंटू २४.०४वर थांबणाऱ्याला २०२९पर्यंत नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. एक्सएफसीई आणि सिनॅमनमध्ये वेलँड अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, मिंट रोजच्या कामाला एक्सच वापरतं. तिथं खालची पट्टी खालीच आहे, डेस्कटॉपवर फाइली दिसतात, आणि भाषा बदलायची कळ सेटिंग्जमध्ये जाऊन पुन्हा कंट्रोल-स्पेस करता येते.